पटावर अकरा मुलं

अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्या इमारतीत मला भाव येतो. कसबा पेठेतली ही चार मजल्यांची इमारत. तळमजल्यावरच्या बापटांचा टीव्ही मोठा, म्हणून सगळे तिथे जमतात. एरवी जिन्यात भेटल्यावर "काय, बरं ना?" एवढ्यावर भागवणारी माणसं त्या दिवशी मला खुर्ची देतात, कारण सरकारी लेखापरीक्षणात मी चौतीस वर्षं काढली. म्हणजे मला पैशातलं कळतं, असा त्यांचा समज.

यंदा प्राप्तिकरात सवलत जाहीर झाली तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. दोघातिघांनी मोबाइल काढून आपला किती वाचला ते बघितलं. बापट माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो क्षीरसागर, तुमचं काय मत?"

"माझं काय मत असणार? मलाही फायदाच आहे."

"ते झालंच. पण तुम्ही इतकी वर्षं सरकारचा खर्च तपासलात ना? मग एवढी गळती कशी?"

"तपासला म्हणून तर गळती कळली."

"कळून काय झालं?"

सगळे हसले. मीही हसले. इतक्यात भाषण योजनांच्या तरतुदींवर आलं आणि कोणीतरी म्हणालं, "आता खर्चाचं चाललंय, आवाज बंद करा." तेव्हा मी उठले. वर आले, कुलूप उघडलं आणि खिडकीपाशी बसून राहिले. बापटांच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर होतं. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या मावशीलाही मी शेवटपर्यंत बँकेतच वाटत होते. सरकारने एखाद्या कामासाठी पैसे दिले की ते खर्च करणाऱ्या कार्यालयाने 'ज्यासाठी दिले त्यासाठीच वापरले' असा एक दाखला पाठवायचा असतो. दाखला आला की दिल्ली-मुंबईतली कपाटं शांत होतात. आमचं काम दाखल्यानंतर सुरू व्हायचं. पावत्या बघणं हा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे त्या पैशाने जे व्हायचं होतं ते खरोखर झालं का, हे जागेवर जाऊन पाहणं. शंका आली की आम्ही कागदाची उभी घडी घालायचो. एका अर्ध्यावर आमचा प्रश्न, दुसरा अर्धा त्यांच्या उत्तरासाठी कोरा. उत्तर पटलं नाही की त्याचा होतो परिच्छेद. परिच्छेद छापील अहवालात गेला की खात्याला वर जाब द्यावा लागतो. माझ्या नोकरीचं सगळं सामर्थ्य त्या एका परिच्छेदात.

त्या कोऱ्या अर्ध्या कागदावर मी काय काय वाचलंय! एका प्रशिक्षण केंद्रात वीस शिलाई यंत्रं तीन वर्षं खोक्यांत बंद होती. मी विचारलं, का? उत्तर आलं, 'यंत्रे उघडल्यास हमीचा कालावधी सुरू होईल, सबब सुरक्षित ठेवण्यात आली आहेत.' एका ठिकाणी गावाला दिलेला पाण्याचा टँकर सापडेना. तेव्हा लिहून आलं, 'टँकर पाणी आणण्यास गेला आहे.' मी आठवडाभर तिथे होते. टँकर आला नाही. अशी उत्तरं मी घरी येऊन आईला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी जेवता जेवता हसायचो.

लग्न मी केलं नाही. घरात आई आणि मी. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आज काय सापडलं?" तिच्याशिवाय हा प्रश्न मला आनंदाने विचारणारं कोणी नव्हतं. ज्या कार्यालयात जाऊ तिथे आम्हाला मागची खोली मिळायची, पंखा असलेली नाहीतर नसलेली. आम्ही दारात आलो की बोलणी थांबायची. कोणाकडे बारसं असो की निवृत्तीचा समारंभ, मधल्या सुट्टीत पलीकडून हसण्याचे आवाज यायचे आणि इकडे मी डबा उघडून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायची. याची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही, फक्त ते दाखवणं सुटलं.

आता ती गोष्ट. निवृत्तीला चारेक वर्षं होती. बांधकामावरच्या मजुरांच्या लहान मुलांसाठी चालवलेल्या पाळणाघरांची तपासणी माझ्याकडे आली. योजना केंद्र सरकारच्या पैशाची. प्रत्येक केंद्रात पंचवीस मुलं, एक सेविका, दुपारचं जेवण. तपासायला तीन केंद्रं निघाली. त्यातलं एक वाघोलीत होतं.

वाघोली तेव्हा नुसती उपसलेली होती. जिकडे बघावं तिकडे अर्धे मनोरे आणि त्यांच्या पायाशी पत्र्याच्या खोल्या. त्यातल्याच एका खोलीत केंद्र. सेविकेचं नाव रेखा वानखेडे, वाशीमकडची, तिशीतली. नवरा गवंडीकाम करायचा. मी न कळवता गेले होते. खोली स्वच्छ, दोरीवर लंगोट वाळत घातलेले आणि आत मुलं. मी मोजली. अकरा.

हजेरीपट मागितला. त्यात अकरा. आदल्या दिवशी अकरा, त्याआधी बारा, त्याआधी नऊ. चौतीस वर्षांत असा पट मी क्वचितच पाहिला. खऱ्या पटाची अक्षरं बदलतात. कधी घाईत लिहिलेलं असतं, कधी त्यावर आमटीचा डाग पडलेला असतो. खोटा पट एका बैठकीत, एका शाईत लिहिलेला असतो.

"पंचवीस का नाहीत?" मी विचारलं.

"साइट संपत आली जी. अर्धे लोक हिंजवडीकडं गेले. नवी बिल्डिंग सुरू झाली का येतीन परत."

"बाकीच्या केंद्रांवर तर पंचवीस आहेत."

"त्यायचं मले नाई माहीत. माझ्याकडं अकरा हायेत, म्हणून मी अकरा लिवते."

तिच्या प्रकल्प अधिकाऱ्याने "तिलाच विचारा" म्हणून हात वर केले होते. म्हणून मी माझा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने बराच वेळ विचार केला आणि कोऱ्या अर्ध्यावर बाळबोध अक्षरात लिहिलं, 'मुले अकरा आहेत म्हणून अकरा लिहिली.' इतकं सरळ उत्तर मला पूर्वी कधी आलं नव्हतं.

मी निघणार तेवढ्यात शाळेच्या गणवेशातल्या चार मुली आल्या. आठ-दहा वर्षांच्या. त्यातली दुर्गा नावाची एक आपल्या भावाला कडेवर घेऊन त्याचं नाक पुसू लागली. रेखा म्हणाली, "या पोरी पहिले शाळेत नाई जायच्या. माय कामावर गेली का धाकटं लेकरू सांभाळायच्या. आता धाकटं माझ्यापाशी राहतं, तर ह्या जातात. दुर्गाले आता पाढे येतात. म्हणून दाखव ना दुर्गे." दुर्गाने तेराचा पाढा म्हटला. मध्ये कुठे अडखळली नाही.

नंतर मी चारही मुलींच्या शाळेत गेले. तिथे त्यांची नावं घातल्याच्या तारखा बघितल्या. चौघींचीही नावं पाळणाघर सुरू झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांतच दाखल झालेली. सरकारने पैसे दिले होते लहान मुलांसाठी, आणि त्यातून मोठ्या बहिणी शाळेत गेल्या होत्या. सरकारी खर्चाचं असं फळ डोळ्यांनी दिसणं दुर्मीळ. मी दोन पानी टिपण लिहिलं. घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा तरी चांगलं सापडलं म्हणायचं!"

उरलेली दोन केंद्रं एकाच संस्थेने चालवलेली. तिथे पट शाईसकट छापल्यासारखा, रोज पंचवीस. मी गेले तेव्हा मुलंही बरोबर पंचवीस, भांग पाडून, रांगेत बसलेली. पण मोठी वाटत होती. एकाने मला विचारलं, "मॅडम, आम्ही शाळेत परत कधी जायचं?" मी ते जसंच्या तसं लिहून प्रश्न केला. उत्तर आलं, 'सदर बालक भावंडास सोडण्यास आले होते.'

कच्चा अहवाल घेऊन मी आमच्या वरिष्ठांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. तीस परिच्छेद महिन्याअखेर पाठवायचे होते आणि त्याच्या टेबलावर चाळीस होते.

"या दोन केंद्रांचं काढून टाका," ते म्हणाले. "एका पोराच्या बोलण्यावर परिच्छेद उभा राहत नाही. पट काय म्हणतो?"

"पंचवीस."

"मग? वाघोलीचा पट काय म्हणतो?"

"अकरा."

"तो परिच्छेद राहील. निम्म्याहून कमी वापर, दर मुलामागे खर्च दुपटीहून जास्त. पुरावा त्यांच्याच हातचा. उत्तम आहे."

"सर, पण त्या बहिणींचं टिपण—"

"मॅडम, निकष काय आहे? मुलांची संख्या. बहिणींची शाळा शिक्षण खात्याकडे. आपल्या विषयात येत नाही ते."

मी आणखी भांडू शकले असते. टिपण फाइलला लावून 'असहमत' असा शेरा मारायचा अधिकार मला होता. तसे शेरे मी पूर्वी मारलेही होते, आणि त्यापायी एकदा तीन वर्षं नागपूरला काढली होती. पण आता आईला उठताबसता माणूस लागत होतं आणि मला बदली नको होती. हे कारण खरं आहे. पण ते पुरेसं आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी टिपण काढून घेतलं. कोणी माझा हात धरला नव्हता.

आईने दोन दिवसांनी विचारलं, "त्या पाढेवालीचं लिहिलंस?" मी म्हटलं, "त्याला रकाना नाही." ती भाजी निवडत राहिली.

अहवाल छापून आला त्या वर्षीही अर्थसंकल्पात करसवलती होत्या. लोकांना त्याचा आनंद झाला आणि तो रास्तही होता. कष्टाचा पैसा कोणाला द्यावासा वाटतो? पण सवलत टीव्हीवर जाहीर होते, आणि तिच्या मागोमाग खर्च आटपायचं जे परिपत्रक निघतं ते कोणी वाचत नाही. जमा कमी होणार म्हटलं की प्रत्येक खात्याला काहीतरी छाटून दाखवावं लागतं. मोठ्या खर्चाला हात लावला तर ओरड होते. मग लहान बाबी शोधतात. आणि त्या सापडतात कुठे? आमच्या अहवालात. आयत्या, पुराव्यासकट.

सात-आठ महिन्यांनी खात्याकडून पूर्ततेचं पत्र आलं. 'लेखापरीक्षणाच्या निरीक्षणानुसार वाघोली येथील केंद्र बंद करण्यात आले असून त्यायोगे शासनाच्या खर्चात बचत झाली आहे. सबब परिच्छेद निकाली काढण्यात यावा.' अशा पत्रांची आम्ही वर्षानुवर्षं वाट बघायचो. शिलाई यंत्रांचा परिच्छेद मी निवृत्त झाले तेव्हाही चालूच होता. हा मात्र एका फटक्यात निघाला. 'निकाली' असं लिहून मी सही केली. महिन्याच्या बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक झालं, आमच्या कामामुळे प्रत्यक्ष बचत झाल्याचं उदाहरण म्हणून. मी मान हलवली आणि खाली बसले.

आई पुढच्या वर्षी गेली. त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झाले.

यंदा बापटांकडून वर आल्यावर मला राहून राहून तो पाढा आठवत होता. आठ दिवस असे गेल्यावर मी बस पकडून वाघोलीला गेले. त्या जागेवर आता राहती इमारत आहे. पत्र्याची खोली होती तिथे पाहुण्यांच्या गाड्या लावतात. रखवालदाराला काही माहीत नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या बाईंना मात्र रेखा आठवत होती. "खराडीला कंपनीत हाऊसकीपिंगला आहे ती," असं सांगून त्यांनी नंबर दिला.

मी फोन केला. "कोण क्षीरसागर?"

"लेखापरीक्षणाला आले होते. पाळणाघराच्या."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "या जी. दीड वाजता जेवायची सुट्टी असते. मागच्या गेटावर या, पुढून नाई सोडत."

दुसऱ्या दिवशी मी गेले. काचेच्या त्या इमारतीच्या मागे कठड्यावर निळ्या गणवेशातल्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. रेखा उठून पुढे आली. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. मला तिने बसायला जागा करून दिली. मी काय बोलणार हे घरून ठरवून आले होते, पण तोंडातून एवढंच आलं, "तुमचं केंद्र माझ्या लिहिण्यामुळे बंद झालं."

"माहीत हाय. साहेबानं तो छापील कागद दाखवला होता मले."

"तुम्हाला राग आला असेल."

"पहिले आला. मग म्या इचार केला, मॅडमनं काय खोटं लिवलं? अकरा होते, अकराच लिवले." तिने डबा उघडला. "त्या दुसऱ्या सेंटरवाल्या बाया अजून कामावर हायेत. त्यायचे चालूच हायेत सेंटर."

"आणि दुर्गा?"

"सेंटर बंद झालं त्या दिवसापासून घरी बसली भावाले घेऊन. चार महिने मी पाहिली तिले तशी. मग ते लोक दुसऱ्या साइटवर गेले. कुठं गेले, कोणाले ठाऊक? त्यायचा नंबर पण बंद लागते."

मी तिला त्या टिपणाचं सांगितलं. दोन पानं लिहिली होती, शाळेतल्या तारखा काढल्या होत्या, आणि मग मीच ते मागे घेतलं, हेही सांगितलं. ती ऐकत होती. तिला त्यातलं किती महत्त्वाचं वाटलं कोण जाणे. "लिवलं होतं ना तुमी," ती म्हणाली, जणू माझीच समजूत काढत होती. "मग झालं."

दुपारची सुट्टी संपायला आली. सुपरवायझरने दारातून हाक मारली. रेखा डबा बंद करत म्हणाली, "इथं बी पट असते मॅडम. संडासाच्या दरवाजामागं कागद लावला हाय. दर तासाले साफ केलं का सही करायची. आधी मी तासातासाले करायची. एखाद्या टायमाले मीटिंगमुळं आत जाताच नाई आलं तर तेवढा रकाना कोरा ठेवायची. त्याच्यावरून पगार कापला. बाकीच्यायचे कागद भरलेले, माझाच कोरा."

"मग?"

"मग काय? आता सकाळी आल्या आल्या सगळ्या सह्या करून टाकते. दिवसभराच्या."

माझा चेहरा बघून ती घाईने पुढे म्हणाली, "साफ मी ठेवतेच जी. कधी बी येऊन पाहा. फक्त सह्या आधी करते."

ती आत गेली. काचेचं दार तिच्यामागे आपोआप लागलं. मी कठड्यावर बसून राहिले. आयुष्यभर मी खोटे कागद शोधले आणि त्यांच्यामागे न झालेलं काम शोधलं. इथे काम झालेलं होतं. कागद तेवढा खोटा होता, आणि तो खोटा करायला शिकवण्यात माझाही हात होता. यावर कोणाला प्रश्न विचारू? कागदाच्या दोन्ही अर्ध्यांवर मलाच लिहावं लागलं असतं.

घरी परतल्यावर मी माझ्या जुन्या कार्यालयाला पत्र लिहिलं. बंद केलेल्या केंद्राचा पुन्हा विचार व्हावा, आणि यापुढे पाळणाघरं तपासताना शाळेत गेलेल्या बहिणीही मोजाव्यात, असं. सोबत आठवेल तसं ते टिपण पुन्हा लिहून जोडलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भाषा माझ्या ओळखीची होती, त्यातली काही वाक्यं मीच कधीकाळी बसवलेली असावीत. 'सदर परिच्छेद यापूर्वीच निकाली निघाला असल्याने त्यावर पुढील कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही.' पत्र मी दोनदा वाचलं. वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं.